तोंडाचे ऑपरेशन झाले, मग जखम का भरत नाही?

"ऑपरेशन चांगलं झालं म्हणले, पण जखम बसलीच नाही." तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटबद्दल आपल्या वस्त्यांमध्ये हे वाक्य नेहमी ऐकू येते. मग कोणी म्हणते डॉक्टर शिकाऊ होते, कोणी म्हणते सरकारी दवाखान्यात असेच व्हायचे, कोणी नशिबाला बोल लावते. चूक डॉक्टरांचीही असू शकते, नाही असे नाही. पण बऱ्याच वेळा जखम भरणार की चिघळणार, हे पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर जाण्याआधीच निम्मे ठरलेले असते. ते ठरते घरात, चुलीपाशी, पानटपरीवर आणि डॉक्टरांना दिलेल्या खऱ्या-खोट्या उत्तरांत. म्हणून ऑपरेशनच्या आधीच्या त्या तीन-चार आठवड्यांबद्दल आणि नंतरच्या काही दिवसांबद्दल आज बोलू.

परभणी, पूर्णा, गंगाखेड, जिंतूर, सेलू, मानवत, कुठेही जा, तंबाखू-चुना, गुटखा, मावा, सुपारी आणि मिश्री यांच्याशिवाय गल्ली सापडणार नाही. राज्यात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. बंदी कागदावर आहे आणि पुडी टपरीवर. त्यामुळे गालाच्या आत, खालच्या हिरडीवर किंवा जिभेच्या कडेला होणारा कॅन्सर आपल्याकडे घरोघरी माहीत झाला आहे. हा आजार मोठ्यांनाही सोडत नाही. राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील फेब्रुवारी २०१५ मध्ये तोंडाच्या कॅन्सरने गेले, तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. शरद पवारांवर २००४ मध्ये याच आजाराची शस्त्रक्रिया झाली आणि ते पुढे दोन दशके सभा गाजवत राहिले. म्हणजे कॅन्सर म्हटला की संपलेच, असे नाही.

आधी हे ऑपरेशन काय असते ते समजून घेऊ. गाठ काढताना डॉक्टर फक्त गाठ काढत नाहीत, तिच्या भोवतीचा बोटभर चांगला भागही काढतात. हाडाला लागले असेल तर जबड्याचा तुकडाही जातो. मग मोठे भगदाड पडते. ते तसेच ठेवले तर लाळ गळते, घास बाहेर येतो, बोललेले कळत नाही, चेहरा खचतो. म्हणून शरीराच्या दुसऱ्या भागातले मांस आणि कातडी आणून तिथे बसवतात. त्याला 'फ्लॅप' म्हणतात. छातीचा फ्लॅप असेल तर छातीवरचे मांस त्याच्या रक्तवाहिनीसकट मोकळे करून गळ्याच्या कातडीखालून वर तोंडापर्यंत नेतात. त्याची मूळ रक्तवाहिनी तुटलेली नसते. दुसरी पद्धत म्हणजे मनगटाजवळची किंवा मांडीची कातडी, नाहीतर पायाच्या नळीशेजारचे बारीक हाड पूर्ण सुटे काढून, त्याच्या दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना दुर्बिणीखाली केसाहून बारीक धाग्याने शिवायच्या. हे काम आठ-दहा तास चालते.

सोबत मानही उघडतात. गालाला गाठ असताना मान कशाला कापली, असे घरचे रागाने विचारतात. गाठ तोंडात असली तरी तिचे बीज मानेतल्या गाठींमध्ये आधीच गेलेले असू शकते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात याचा अभ्यास झाला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांची मान पहिल्याच ऑपरेशनमध्ये साफ केली होती त्यांच्यापैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. मानेची जखम त्रास देते हे खरे, पण ती उगाच केलेली नसते.

आता फ्लॅप जगतो कसा, यासाठी एक जुनी गोष्ट सांगतो. ती आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत कावसजी नावाचा एक मराठा बैलगाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. तो कैद झाला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो नाकाशिवाय राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याच्या कपाळाच्या कातडीतून त्याला नवे नाक करून दिले. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते ऑपरेशन डोळ्यांनी पाहिले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जनने लंडनमध्ये तसेच ऑपरेशन केले. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात कावसजीचे नाव घेतले जाते. ऑपरेशन करणारा कोण होता? त्या पत्रात त्याचे नाव नाही, फक्त जात आहे: विटा भाजणाऱ्या जातीचा माणूस. पेशंटचे नाव मिळते, मासिकाचे नाव मिळते, पण ज्याच्या हातात विद्या होती त्याची तेवढी जातच शिल्लक राहिली. असो.

त्या कारागिराने काय केले ते बघा. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो कपाळावर पसरून रेघ आखली आणि तेवढी कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मधली एक पट्टी तोडली नाही. त्या पट्टीतून रक्त येत राहिले. कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली आणि वर पाण्यात भिजवलेल्या काताच्या पट्ट्या लावल्या. पाच-सहा दिवस पेशंटला पाठीवर निजवून ठेवले. मधली पट्टी कापली ती साधारण पंचविसाव्या दिवशी, नव्या जागेचे रक्त मिळू लागल्यावर. एवढे धैर्य आज आपल्या नातेवाइकांकडे असते का, हा प्रश्नच आहे. तिसऱ्या दिवशी "घरी कधी सोडता?" सुरू होते.

सव्वादोनशे वर्षांत अवजारे बदलली, नियम तोच राहिला. आणून लावलेले मांस रक्त मिळेपर्यंतच जिवंत असते. फ्लॅप काळा पडणे, टाके उसवणे, जखमेत पू होणे, लाळ मानेतून गळणे, यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी रक्त कमी पोचणे, शरीरात जखम भरायला माल नसणे किंवा जंतूंनी बाजी मारणे, यांपैकी काहीतरी असते.

रक्ताचा पहिला शत्रू तंबाखू. त्यातले निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळून टाकते. बिडी-सिगारेट असेल तर धुरातला विषारी वायू रक्तातली प्राणवायू वाहून नेण्याची ताकदही कमी करतो. दोन मिलिमीटरची शिवलेली नळी आवळली गेली तर काय होईल, ते सांगायला डॉक्टर लागत नाही. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी सुटली तर जखमेचा त्रास कमी होतो, हे अभ्यासांत दिसले आहे. पण चार आठवडे पूर्ण व्हावेत म्हणून कॅन्सरचे ऑपरेशन पुढे ढकलायचे नसते. ज्या दिवशी डॉक्टर "तुकडा काढून तपासू" म्हणतात, त्याच दिवशी पुडी बंद. रिपोर्ट यायची वाट कशाला पाहायची?

इथे एक मोठी गफलत होते आणि ती बहुतेक बायांच्या बाबतीत. डॉक्टर विचारतात, "तंबाखू खाता का?" मावशी सांगतात, "नाही बाई, मी तंबाखूला हात बी लावत नाही." त्या खोटे बोलत नसतात. रोज सकाळी दातांना लावायची मिश्री त्यांच्या हिशेबात तंबाखू नसते, ते दात घासणे असते. पण मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच. दिवसातून तीन-चार वेळा ती हिरडीवर चोळली की निकोटिन थेट रक्तात जाते. तपकिरीचेही तसेच. डॉक्टरांच्या कागदावर 'तंबाखू नाही' असे लिहिले जाते आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपर्यंत डबी उशाखाली राहते. काही वेळा वॉर्डातही नातेवाईक "तेवढाच जिवाला आराम" म्हणून चिमूटभर आणून देतात. तो आराम फ्लॅपला महाग पडतो. म्हणून सुनेने, लेकीने किंवा नातीने डॉक्टरांसमोर स्वतःहून सांगावे: "मिश्री लावते, इतक्या वर्षांपासून, दिवसातून इतक्या वेळा." सासूचा अपमान होईल म्हणून गप्प बसू नये. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर फोन करता येतो.

सुपारीबद्दलही दोन शब्द. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरविषयक संस्थेने जाहीर केलेले आहे. सुपारीने तोंडातली कातडी कडक होऊन तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात जातात का ते बघा. जात नसतील तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, कारण भूल देण्याची नळी घालताना त्यांना वेगळी तयारी करावी लागते. ही गोष्ट टेबलावर कळली तर जिवाशी खेळ होतो.

आता खाण्याविषयी. तोंडात जखम असली की भाकरी टोचते, तिखट झोंबते. मग पेशंट चहात बुडवलेल्या बिस्किटांवर दिवस काढतो आणि सहा महिन्यांत कपडे ढिले होतात. पन्नास किलोच्या माणसाचे सहा महिन्यांत पाच किलो वजन उतरले असेल, तर ऑपरेशननंतर जखम उसवण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका चांगलाच वाढतो. कातडी आणि मांस जोडायला शरीराला प्रथिने लागतात, बिस्किटांत ती नसतात. अशा पेशंटला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत. ऐकायला अवघड वाटते, हिशेब सोपा आहे. चार अंड्यांत २४ ग्रॅम, दोन ग्लास दुधात १६, अर्धा पाव शेंगदाण्यांच्या निम्म्या कुटात १५ च्या आसपास, मूठभर डाळीच्या वरणात ११. झाले की. अंडी उकडून वरणात कुस्करा, शेंगदाण्याचे कूट बारीक करून दुधात शिजवा, मुगाची खिचडी मऊ करून तूप घाला. मासे किंवा मटणाचे सूप परवडत असेल तर उत्तमच. आपल्या जिल्ह्यात शिवारभर सोयाबीन उभे असते, पण ते सगळे पोत्यात भरून मोंढ्यावर जाते आणि घरात दाणाही राहत नाही. सोयाबीन भिजवून, नीट उकडून आणि वाळवून दळले तर ते पीठ डाळीपेक्षा जास्त प्रथिने देते. कच्चे मात्र वापरू नका. किडनीचा आजार असेल तर हा हिशेब आधी डॉक्टरांना विचारा. आणि घास गिळताच येत नसेल तर ऑपरेशनआधीच नाकातून नळी टाकून आठ-पंधरा दिवस पोषण देता येते. नळी म्हणजे शेवट आला, असे समजून नाही म्हणू नका.

शुगरची गोष्ट आपल्या समाजाला वेगळी सांगायला नको. बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले, हे आपण सगळे जाणतो. मधुमेहात बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि गोड रक्तात जंतू माजतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी उपाशी राहून शुगर कमी दाखवता येते, पण शरीर फसत नाही. मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ताची वेगळी तपासणी असते, ती करून घ्या. ऑपरेशनपुरते गोळ्यांऐवजी इन्सुलिन दिले तर "आता कायमचे इन्सुलिन लागले" म्हणून घाबरू नका. अनेकांचे ते नंतर बंद होते.

रक्त कमी असणे हे बायांमध्ये फार दिसते. हिमोग्लोबिन सात-आठवर असलेली बाई मोठ्या ऑपरेशनला गेली तर रक्ताच्या पिशव्या लागतात, आणि जितके बाहेरचे रक्त जास्त तितका संसर्गाचाही धोका थोडा जास्त. हातात दोन-तीन आठवडे असतील तर लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून लोह देऊन बराच फरक पडतो.

याच ठिकाणी सिकलसेलचे सांगायला हवे. विदर्भातल्या आपल्या समाजात हा आजार बऱ्याच प्रमाणात आढळतो. परभणीच्या कित्येक घरांतल्या सुना आणि जावई यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडचे आहेत, म्हणजे तो इकडेही असू शकतो. सिकलसेलमध्ये शरीर थंड पडले, पाणी कमी झाले किंवा प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. लांब ऑपरेशनमध्ये हे सगळे घडू शकते. घरात कोणाला सिकलसेल असेल, कार्ड मिळालेले असेल किंवा लहानपणापासून सांधे दुखून वारंवार दवाखान्यात नेलेले असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगा आणि तपासणी मागा. तपासणी साधी आहे, सरकारी दवाखान्यात होते. आजार कळला तर डॉक्टर पेशंटला उबेत ठेवतात, सलाईन पुरेसे देतात आणि कोणता फ्लॅप घ्यायचा याचाही वेगळा विचार करतात.

दारूचे उत्तर सर्वांत खोटे दिले जाते. पंचशील घेतलेल्या माणसाला भरल्या ओपीडीत "मी पितो" म्हणणे जड जाते, हे समजण्यासारखे आहे. पण रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरतात, भास होतात, माणूस उठून बसतो, नळ्या उपटतो, मान झटकतो. नेमके हेच दिवस फ्लॅपचे असतात. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते औषध सुरू करून हे टाळू शकतात. चारचौघांत सांगवत नसेल तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा, पण सांगा.

पूर्वी मानेला शेक, म्हणजे रेडिएशन, दिलेले असेल तर तिथली कातडी कडक आणि रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात. अशा मानेत जखम उशिरा भरते आणि लाळ गळण्याचा धोका जास्त. म्हणून जुनी फाईल, कितीही फाटकी असो, पिशवीत घेऊन जा. शेकामुळे गळ्याची थायरॉईड ग्रंथी मंदावते, तिचीही तपासणी करायला सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयाचे जुने दुखणे, किडलेले दात, सगळे सांगायचे. एखाद्या वैदूने गाठीवर काही लेप लावला असेल तर तेही, लाजू नका.

सगळ्यात मोठा धोका मात्र उशिराचा. उचल घेतलेली असते, ऊसतोडीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, "पट्टा पडला की बघू" म्हणून गाठ तशीच राहते. किंवा लेकीचे लग्न असते. गाठ वाढली की भगदाड वाढते, ऑपरेशन लांबते, वजन उतरते, आणि वर सांगितलेले सारे धोके एकत्र येऊन बसतात. वय हा स्वतः तितका मोठा धोका नाही. धडधाकट सत्तरीची आजी चाळिशीतल्या शुगर-बिडीवाल्यापेक्षा चांगली भरून येते.

जायचे कुठे? परभणीत जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. पहिली तपासणी आणि तुकड्याची तपासणी तिथून सुरू करा. मोठ्या ऑपरेशनसाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, ते २०१२ पासून चालू आहे. बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे आणि मुंबईला परळमध्ये टाटा. टाटाला गेलात तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहण्याची चौकशी करा, फुटपाथवर उघड्या जखमेने झोपू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तोंडाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि गाठ काढण्यासोबत फ्लॅपचीही मंजुरी घेतली आहे का, एवढा एक प्रश्न नक्की विचारा. योजनेचा मोफत क्रमांक १५५३८८ आहे.

आता ऑपरेशननंतर. पहिले तीन दिवस निर्णायक. रक्ताची गुठळी होऊन शिवलेली नळी बंद पडण्याचा धोका याच काळात जास्त असतो. नर्स सुरुवातीला दर तासाला फ्लॅपचा रंग, ऊब आणि सुईने टोचल्यावर येणारे रक्त बघतात. झोपू देत नाहीत म्हणून त्यांच्याशी भांडू नका. फ्लॅप पांढराफटक आणि गार पडला तर रक्त आत येत नाही. निळसर-काळपट होऊन फुगला तर आत आलेले रक्त परत जात नाही. दोन्ही वेळी पेशंटला पुन्हा ऑपरेशनला नेतात आणि वेळेत नेले तर बरेच फ्लॅप वाचतात. मोठ्या केंद्रांत असे सुटे फ्लॅप शंभरांत पंचाण्णवच्या आसपास जगतात, ते या जागरणामुळेच. म्हणून पहिल्या तीन रात्री सही करू शकेल असा एक जाणता माणूस दवाखान्यात हजर हवा. "मोठ्या भावाला विचारून सांगतो" यात रात्रीचे तीन तास गेले तर फ्लॅप जातो.

पेशंटची मान डॉक्टरांनी ठेवली तशीच ठेवायची. उशी बदलायची नाही, त्या बाजूला वळवायचे नाही. गळ्याभोवती काहीही आवळून बांधायचे नाही: दोरा, ताईत, मफलर, काही नाही. गळ्यात श्वासाची नळी असेल तर तिची पट्टी घट्ट झाली का, हे नर्सला विचारा. अंगावर पांघरूण ठेवा, गारठा नको. आणि बिडी ओढून आलेल्या पाहुण्याने पेशंटजवळ बसू नये.

पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास दुसरी अडचण डोके वर काढते. मान लाल आणि गरम होते, ताप येतो, टाक्यांतून पातळ, घाण वासाचे पाणी येते. तोंडातली लाळ मानेत वाट काढत असते. याला डॉक्टर फिस्टुला म्हणतात. ऐकायला भयंकर, पण बहुतेक वेळा तोंडाने खाणे बंद ठेवून, नळीने पोषण देऊन आणि रोज ड्रेसिंग करून तो काही आठवड्यांत बुजतो. न बुजण्याचे कारण बरेचदा घरीच असते: "पोटात काही जात नाही" म्हणून चोरून पाजलेला चहा. वर हळद, चुना किंवा राख भरू नका. मात्र मानेतून ताजे लाल रक्त आले, अगदी थोडे येऊन थांबले तरी, ती मोठी रक्तवाहिनी फुटण्याची सूचना असू शकते. स्वच्छ कापड घेऊन तळहाताने घट्ट दाबून धरा, १०८ ला फोन करा आणि हात न काढता दवाखाना गाठा. शेक घेतलेल्या मानेत याचा धोका जास्त.

घरी नाकातल्या नळीने भरवायचे असेल तर पेशंटला बसवून भरवा आणि नंतर अर्धा तास झोपवू नका. आडवे भरवले तर अन्न छातीत जाऊन न्यूमोनिया होतो. पातळ केलेले अन्न गाळून घ्या, नंतर नळीत साधे पाणी सोडा. नळी बाहेर आली तर स्वतः आत ढकलू नका.

एक गमतीची पण लोक घाबरतात अशी गोष्ट. छातीचा फ्लॅप लावलेल्या पुरुषांच्या तोंडात काही दिवसांनी केस उगवतात. कातडी छातीची आहे, ती आपला स्वभाव सोडत नाही. शेक दिल्यावर ते बहुधा गळतात.

शेक लागणार असेल तर तो ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. जखम चिघळण्याची खरी किंमत इथे मोजावी लागते. उघड्या जखमेवर शेक देता येत नाही, तारीख पुढे जाते, आणि मागे राहिलेल्या पेशींना वाढायला वेळ मिळतो. एक मिश्रीची डबी आणि चोरून पाजलेला चहा, यांचा हिशेब असा इथपर्यंत येतो. तारीख चुकत असेल तर घरी बसून राहू नका, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना जाऊन भेटा.

जखम बसली की दोन व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करा. मान साफ केलेल्या बाजूचा खांदा आखडतो, हात वर जात नाही आणि पुढे पाटी, विटा, मोळी उचलणे अवघड होते. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंतीवर चढत हात रोज थोडा वर न्यायचा आणि कुठवर पोचला तिथे खडूने खूण करायची. दुसरा तोंडाचा. शेकामुळे जबडा पुन्हा आखडतो, म्हणून आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या स्वच्छ धुऊन एकावर एक ठेवायच्या, दातांमध्ये मावतील तेवढ्या धरायच्या आणि दिवसातून पाच-सहा वेळा हे करायचे. पहिल्या आठवड्यात किती काड्या बसल्या ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, दर रविवारी मोजा, आणि आकडा कमी होऊ लागला तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता दवाखान्यात दाखवा.